हिरव्याखालचा लाल

त्या पंपात मी कसलीही दवा टाकली नव्हती. फक्त रंग मारला होता. हे मी आजवर कोणालाच पुरतं सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जुन्या दोस्तांना नाही. नमाजानंतर हात वर करून मागतो, तेव्हाही या गोष्टीच्या बाजूबाजूनंच जात आलो आहे.

यंदा मोह फुलला आणि सगळं पुन्हा वर आलं. चामोर्शीहून निघून डांबरी रस्ता सोडला की तो वास गाठतो. गोड, आंबूस, थोडा उबट. नुकत्याच निजून उठलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा. झाडांखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी केलेली असते आणि त्या काळ्यावर पहाटेपासून फुलं टपटपत असतात. बाया टोपल्या घेऊन घोळक्यानं जातात. मोह अस्वलालाही आवडतो, आणि आता वाघही फार झाले आहेत. म्हणून कोणीतरी डबा वाजवत असतं, कोणी मोठ्यानं शिव्या देत असतं. रस्त्याच्या कडेला वाघाच्या चित्राचा फलक आहे. तो पाहून लोक एकटे पुढं जात नाहीत.

मला तो फलक पाहवत नाही. तसाच एक इशारा मी माझ्या हातानं पुसला आहे.

मी हातपंप दुरुस्त करणारा माणूस. वडील टिनाच्या बादल्या आणि चाळण्या करायचे. बाजाराच्या दिवशी त्यांची बसायची जागा ठरलेली होती. मी त्यांच्यापेक्षा जाड लोखंडाकडे वळलो, एवढाच फरक. दुरुस्ती पथकात लागलो आणि गावोगावचा 'मिस्त्रीभाऊ' झालो. जंगलातल्या गावात पंप बंद पडला की मिस्त्री हा पाहुण्यासारखा असतो. कोंबडी कापतात. मी हलाल करून घेईन म्हणून सुरी आधी माझ्या हातात देतात आणि हसतात.

ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोरींच्या सोयरिकी अजून व्हायच्या आहेत. माणसांची नावंही बदलली आहेत.

त्या गावाच्या टोकाला टोला, म्हणजे गावापासून सुटी वस्ती, तिथं एकच पंप होता आणि तो लाल होता. लाल म्हणजे पिऊ नका. भांडी घासा, गुरं धुवा, पण पिऊ नका. हिरवा म्हणजे प्या. आमच्या भागात जमिनीखाली जो खडक आहे, त्यातून पाण्यात फ्लोराईड उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उलट बोडीजवळच्या, म्हणजे गावतळ्याजवळच्या, विहिरीचं पाणी गढूळ, आणि हे बोअरचं काचेसारखं. बायांना ते पटायचंच नाही. एवढं साफ पाणी सोडून आम्ही डोक्यावर गढूळ पाणी वाहून आणतो, हे कुठलं शहाणपण, असं त्या मला तोंडावर विचारायच्या. मी म्हणायचो, दात पाहा. मग त्या ओठ मिटून घ्यायच्या. रंग लागण्याआधी काही वर्षं टोला ते पाणी प्याला होता, आणि त्या वर्षांत वाढलेल्या पोरापोरींच्या दातांवर तपकिरी पट्टे होते.

लालसूभाऊ त्या टोल्यावरचा. माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा, मिश्कील, तीर काय आणि शब्द काय, हळूच सोडणारा. त्याची एकुलती पोरगी सायत्रा. तिच्याही दातांवर ते पट्टे होते. एका ठिकाणाहून त्यावरून नकार आला होता. नंतर मार्कंड्याच्या जत्रेत सिंदेवाहीकडच्या एका कुटुंबाशी बोलणं झालं. पोरगा मनिराम, चार भावांतला धाकटा, घरजावई यायला तयार होता. लालसूभाऊला पोरगा नव्हता. म्हातारपणाचा सगळा आधार या एका सोयरिकीवर आला होता. मोहाच्या हंगामात पोराची आई घर पाहायला येणार होती.

त्या सकाळी मी पंपाचा वॉशर बदलत होतो. लालसूभाऊ येऊन शेजारी उकिडवा बसला.

"मिस्त्रीभाऊ, पाव्हणे येऊन राह्यले. मले एक सांगा, हा लाल पुसता येते का नाई?"

"पुसून काय होणार? पाणी थोडंच बदलते?"

"पाणी कोण पाह्यते भाऊ? लोक रंग पाह्यते."

"आणि मला वर कोणी विचारलं तर?"

"तुमाले इचाराले इथपर्यंत येते कोण? तुमीच येता, अन् तेही कोंबडीसाठी."

मी हसलो. ते हसणं मला आठवतं, कारण त्या हसण्यातच मी हो म्हणून गेलो होतो.

"सोयरीक पक्की होऊ द्या," तो म्हणाला. "पाव्हणे गेले का मंग मारा लाल. आमी काय पेऊन राह्यलो काय ते? आमाले मालूम हाय ना."

माझ्या पेटीत दुसऱ्या गावच्या पंपासाठी आणलेला हिरवा होता. मी लाल रंग नीट खरवडलासुद्धा नाही. सरळ वरून हात फिरवला. दोन झाडांपलीकडे मोह झडत होता, वाऱ्यानं एक फूल येऊन ओल्या रंगावर चिकटलं. काढायला गेलो तर बोटाचा ठसा उमटला. राहू दिलं. उन्हं चढली तशी रंगाचा आणि मोहाचा वास एक झाला. आजही कुठं ऑइलपेंटचा डबा उघडला की माझ्या नाकात मोह येतो, आणि मोह फुलला की रंग.

पाहुणे आले. पोराची आई उंच, हाडापेरानं मजबूत बाई. घर पाहिलं नाही, बैल पाहिले नाहीत, सरळ पंपापाशी गेली. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. 'येर, येर' असं काहीतरी ती लालसूभाऊच्या बायकोशी बोलत होती. मग मला कळावं म्हणून मराठीत आली.

"बैल इकत घेतो तं त्याले पाणी पाजून पाह्यतो आपण. मी तं पोरगा देऊन राह्यली. इथलं पाणी कसं हाय मिस्त्रीभाऊ?"

लालसूभाऊ मध्येच म्हणाला, "मिस्त्रीनं दवा टाकली ना बाई त्याच्यात. आधी खराब होतं, आता साफ झालं. पाहा, रंगही बदलवला."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. हगवणीच्या दिवसांत विहिरीत पांढरी पावडर टाकायला आम्हीच जायचो, आणि 'दवा टाकली की पाणी साफ' हे आम्हीच गावोगाव शिकवलं होतं. त्यामुळे ते सगळ्यांना लगेच पटलं. फ्लोराईडला अशी कुठलीच पावडर नाही, हे तिथं एकट्या मला ठाऊक होतं.

तिनं पंप हापसला, गडवा भरला आणि माझ्यापुढं धरला.

"मंग तुमीच पेऊन दाखवा पह्यले."

सगळा टोला उभा होता. सायत्रा दाराच्या आड, पदर दातांत धरून. पट्टे झाकायला नव्हे, हे मला नंतर सुचलं. ती घाबरली होती.

मी गडवा घेतला आणि प्यालो. एका गडव्यानं काही होत नाही. वर्षानुवर्षं प्यालं तरच होतं, लहान हाडांना जास्त होतं. प्यायला लागल्यापासून शेवटच्या घोटापर्यंत मला हे माहीत होतं. मी तोंडानं एक शब्दही खोटा बोललो नाही. पाणी थंड होतं, खरंच चवदार होतं. मी मिशी पुसली आणि गडवा तिच्या हातात दिला. तीही प्याली.

"बेस," ती म्हणाली, आणि सोयरीक पक्की झाली.

त्यानंतर पुन्हा लाल मारायचं होतं. लग्न झालं की मारू, म्हणालो. लग्न झालं, जेवलो, ढोल ऐकला. मग पाऊस आला आणि नाला चढला, तो टोला तुटतोच पावसाळ्यात. मग धानाची कापणी. मी एकेक कारण मोजून दाखवू शकतो, पण खरं कारण वेगळं होतं. लाल मारायला जावं तर सांगावं लागणार होतं की मधे जो हिरवा होता तो काय होता. आणि तोवर टोला पाणी प्यायला लागला होता. ज्या बाया विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या, त्या दारातून भरत होत्या. मला पाहिलं की म्हणायच्या, "मिस्त्रीभाऊ, बरं केलं बापा, मान मोडत होती आमची." लालसूभाऊसुद्धा पीत होता. आपणच उठवलेली गोष्ट त्याला खरी वाटू लागली होती, की म्हातारपणी विहिरीपर्यंत पाय उचलेनात, मला सांगता यायचं नाही. एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "आता राहू द्या ना भाऊ. समदे खूश हायेत." मी राहू दिलं. शेवटी शेवटी त्याची मान वळत नव्हती. हाक मारली की अख्खं अंग फिरवून पाहायचा. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, वय झालं होतं.

रंग टिकत नाही. हँडलवर हात घासतात तिथं हिरवा उडून खालचा लाल दिसायला लागायचा. एखाद्या उन्हाळ्यात तो नखाएवढा दिसायचा, पुढच्या उन्हाळ्यात तळहाताएवढा. मी गेलो की पहिल्यांदा तिकडेच नजर जायची. पेटी उघडायचो आणि पुन्हा हिरवा मारायचो. पहिल्या वेळी लालसूभाऊनं गळ घातली होती. नंतरच्या वेळी मला कोणीही सांगितलं नव्हतं. बाया म्हणायच्या, मिस्त्री आपल्या पंपाची किती निगा राखते.

आणि मी स्वतः घरून कॅन घेऊन जायचो. घसा खराब आहे, उकळलेलंच पाणी चालतं, असं सांगून ठेवलं होतं. सायत्रानं ते मनात धरलं. पुढच्या खेपेला गेलो तर तिनं पंपाचं पाणी उकळून, गार करून, झाकून ठेवलेलं. "आता काऊन वाहून आणता भाऊ? इथी बहीण नाई काय तुमाले?" मी दोन घोट घेतले आणि उरलेलं, ती आत गेल्यावर, पपईच्या बुंध्याशी ओतलं. पुढं तिला पोरगी झाली, रोशनी. सायत्रा तिलाही उकळलेलंच पाजायला लागली, कारण मिस्त्रीभाऊ शहाणा माणूस, तो उकळलेलं पितो. उकळल्यानं फ्लोराईड जात नाही. पाणी आटतं, ते मागं राहतं. म्हणजे आणखी दाट होतं. हे मी तिला दारात उभं राहून सांगू शकलो असतो. पपई मात्र चांगली धरली होती त्या वर्षी.

रोशनी चालायला लागली तेव्हाच तिचे गुडघे आत वळलेले दिसत होते. मोह वेचायचा तर उकिडवं बसावं लागतं. तिला बसता येत नाही. ती झाडाखाली पाय लांब करून बसते आणि हातांवर जोर देऊन सरकत सरकत जाते. जिथून ती जाते तिथं एक फूल शिल्लक राहत नाही. "उभ्यानं वेचणारे सोडून जाते, मामा," ती मला म्हणाली, "मी झाडू हाव झाडू." आणि मोठ्यानं हसली. तेच दात. त्या काळ्या जमिनीवर तिच्या सरकण्याची वाट उमटलेली असते. झाडाभोवती गोल, पुन्हा गोल.

"मामा, तुमच्या चामोर्शीचं पाणी गोड हाय काय?" एकदा माझ्या कॅनकडे बोट दाखवून तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, असंच आहे. "मंग द्या ना थोडं." मी दिलं. तिनं चाखलं, तोंड वाकडं केलं. "आमचंच बेस."

यंदा त्या गावात पाणी साफ करायचं काम आलं. पंपाला फिल्टर लावायचं नव्हे. तसली फिल्टरं पूर्वी आली, वर्षभरात चोंदली, आता त्यांत कोंबड्या अंडी घालतात. या वेळी जमिनीखालचंच पाणी सुधारायचं आहे. कामावर एक भूगर्भाच्या मॅडम आहेत, वयानं माझ्या मोठ्या पोरीएवढ्या. त्यांनी गावाला सोपं करून सांगितलं. खालचं वाईट पाणी काढून फेकता येत नाही. बोडीत साचणारं पावसाचं पाणी वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून त्याच बोअरमधून खाली सोडायचं, दर पावसाळ्यात, म्हणजे हळूहळू ते पातळ होईल. वर्षं लागतील. तोवर त्या बोअरचं प्यायचं नाही. "खाली जे दिसत नाही, ते एका पावसात धुऊन निघत नाही," त्या म्हणाल्या. मी मागं उभा होतो.

सगळ्या पंपांचे नमुने गेले. टोल्याच्या हिरव्या पंपात सर्वांत जास्त निघालं.

रमजान चालू होता आणि मोहही. मॅडम पंपापाशी आल्या, मला बोलावून घेतलं होतं. सायत्रा गडवा घेऊन आली. मी म्हणालो, रोजा आहे. इतक्या वर्षांत तिचं पाणी नाकारायला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे खरं कारण होतं.

"हा पंप हिरवा कसा?" मॅडमनी विचारलं.

उत्तर सायत्रानंच दिलं, मोठ्या अभिमानानं. "आधी लाल होता मॅडम. मंग आमच्या मिस्त्रीभाऊनं दवा टाकून साफ केला. माह्या सासूसमोर स्वतः पेऊन दाखवला. आता नवीनच काई आलं असंल पाण्यात. पोरीच्या पायाचं डाक्टर म्हणे पाण्यानं झालं, मी म्हटलं नाई, आमचं पाणी साफ केलेलं हाय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तेव्हा तपासणी झाली होती? चांगलं आलं होतं?"

रोशनी उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती. मोहाच्या फुलातला पराग नखानं काढत होती. तिनंही वर पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "झाली होती."

रोजा होता तोंडात.

तेवढ्या एका शब्दानं काम थांबलं. मॅडमचं म्हणणं बरोबरच होतं: पूर्वी चांगलं होतं आणि आता इतकं वाईट, म्हणजे खाली काहीतरी नवीन घडतं आहे, कुठून येतं ते शोधल्याशिवाय इथं बोडीचं पाणी सोडता येणार नाही. पुन्हा नमुने, आणखी भोकं. पाऊस आला की खड्डा खणता येत नाही. म्हणजे हा पावसाळा वाया. टोल्याच्या खालच्या पाण्याला आणखी एक वर्ष.

ईद झाली. शीरखुर्म्याची वाटी मी तशीच ठेवली. बायकोनं विचारलं, बरं नाही का? म्हणालो, घसा. तो जुना घसा.

मग एका सकाळी गेलो. मॅडम पंपापाशीच होत्या, टोल्यावरच्या बाया मोहावर. मी पेटीतून पातं काढलं आणि हात लागत नाहीत तिथं पंपाचा खांब खरवडला. हिरव्याच्या आत हिरवा, त्याच्या आत आणखी हिरवा, आणि मग लाल. इतक्या वर्षांत ऊन न लागलेला, ताजा, जसा त्या दिवशी होता तसा.

"तपासणी झाली नव्हती," मी म्हणालो. "दवाही टाकली नव्हती. पाणी पहिल्यापासून असंच आहे. खडकातलं आहे, नवीन काही नाही."

मॅडमनी त्या लालवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. म्हणजे खड्डा आत्ताच घेता येईल." आणि फोन लावायला सावलीत गेल्या. रंग कोणी मारला हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पंपाचं हँडल काढायला मलाच लावलं. बोल्ट खोलला, हँडल खाली ठेवलं. कोणी पुन्हा हापसू नये म्हणून ते घरी घेऊन आलो आहे. मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं आहे, आणि सकाळी नमाजाआधी वजू करायला, हातपाय धुवायला, तिकडे गेलो की दिसतं.

खड्डा आता खणून होत आला आहे. तळाला गिट्टी पडली आहे, वर वाळू येईल. बाया पुन्हा विहिरीवर जातात. त्या दिवशी सायत्रा डोक्यावर दोन भांडी घेऊन येताना भेटली. "भाऊ, तुमची दवा उतरली म्हणे," ती म्हणाली. "एवढी वर्षं पुरली, तेच लय झालं." तिच्या आवाजात रागाचा लेशही नव्हता. मी बाजूला होऊन वाट दिली.

मोह अजून झडतो आहे. खड्डा भरेल, पाऊस येईल, पाणी खाली उतरेल. काही वर्षांनी मॅडम म्हणतील, आता ठीक आहे. रोशनीचे गुडघे सरळ होणार नाहीत.

हे लिहायला मला सोपं का गेलं, तेही सांगतो. सायत्राला वाचता येत नाही. मनिरामलाही नाही. हे छापून आलं तरी त्या अंगणात पोचणार नाही, असं धरून मी बसलो होतो, म्हणजे याही वेळी मी कॅन बरोबर घेऊनच निघालो होतो. पण रोशनी सातवीत आहे. हाताला लागेल ते वाचते; पुडीचा कागदही सोडत नाही. नाव बदललं म्हणून स्वतःचा पंप तिला ओळखू येणार नाही असं नाही.

म्हणून तिनं वाचायच्या आधी मला जायचं आहे. ते पाणी वाईट आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी ते त्यांच्यासमोर पिऊन दाखवलं, हे सायत्राला आणि तिच्या पोरीला त्यांच्या अंगणात उभं राहून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.